तू कोणाची?

तृतीयपंथी व्यक्तिरेखा मध्यवर्ती असलेल्या चित्रपटाचे किंवा मालिकेचे पहिले पोस्टर झळकले, की पुढच्या आठ दिवसांत काय होणार हे आता पाठ झाले आहे. एक बाजू विचारते, ही भूमिका तृतीयपंथी कलाकाराला का दिली नाही? दुसरी बाजू म्हणते, मग खुन्याची भूमिका खुन्यालाच द्यायची का? पहिली चिडते, दुसरी हसते, आणि कलाकृती पाहून कुणी काही बोलायच्या आत वाद विझून जातो. २०२३ साली 'ताली' या मालिकेत सुष्मिता सेन यांनी तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची भूमिका केली तेव्हाही हेच झाले.

या भांडणात दोन निराळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबले गेले आहेत, असे माझे म्हणणे आहे. भूमिका कुणाला मिळते हा रोजगाराचा प्रश्न आहे आणि तो रोजगाराचा म्हणूनच लढला पाहिजे. पडद्यावरची व्यक्ती खरी वाटते की नाही हा मुख्यतः लेखनाचा प्रश्न आहे, आणि तिथे आपला सिनेमा नटाची निवड होण्याच्या कितीतरी आधी हरलेला असतो. आपल्याकडे गावात अनोळखी पोर दिसली की म्हातारी माणसे आधी नाव विचारत नाहीत, 'कोणाची गं तू?' असे विचारतात. सिनेमा तृतीयपंथी माणसाला 'तू कोण?' हे शंभरदा विचारतो. 'तू कोणाची?' हे मात्र जवळजवळ कधीच विचारत नाही.

आधी दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. अभिनय म्हणजे परकायाप्रवेश, आणि हे मराठी प्रेक्षकाला तरी कुणी शिकवायला नको. बालगंधर्वांची साडी नेसण्याची, गजरा माळण्याची ढब घरंदाज बायका उचलत होत्या. बाई कशी दिसते हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या, आणि त्यात त्यांना अपमान वाटत नव्हता. नटाच्या जन्माचा दाखला तपासून भूमिका वाटायच्या ठरवल्या, तर उद्या तृतीयपंथी नटीलाही तृतीयपंथी भूमिकेखेरीज काही मिळणार नाही. वकील, परिचारिका, शेजारीण ही दारे तिला आपोआप बंद होतील. शिवाय हे तपासायचे कुणी? निवड चाचणीच्या खोलीत 'तू नक्की तीच ना?' असे विचारले जाणार असेल, तर ते पोलीस चौकीत रोज होते त्याहून वेगळे काय?

आणखी एक गोष्ट आपल्या प्रांतात नेहमी विसरली जाते. साडी नेसलेला प्रत्येक पुरुषदेह म्हणजे तृतीयपंथी, अशी या वादातल्या दोन्ही बाजूंची समजूत दिसते. पण नाटक मंडळीतला, बायकांच्या भूमिका करणारा स्त्रीपार्टी, तमाशातला नाच्या, यल्लम्माला सोडलेला जोगता, गुरू-चेल्यांच्या घराण्यातली हिजडा आणि घराण्याबाहेरची ट्रान्स स्त्री ही पाच निरनिराळी माणसे आहेत. 'नटरंग'मधला गुणा तालमीत घुमलेला गडी आहे. फडाला नाच्या हवा म्हणून तो नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. 'जोगवा'तल्या तायप्पावर जोगतेपण लादले गेले आहे, आणि आपले पुरुषपण परत मिळावे ही त्याची तडफड हाच त्या चित्रपटाचा गाभा आहे. उपेंद्र लिमये यांच्या जागी तिथे ट्रान्स स्त्री घेतली असती तर न्याय झाला नसता, कथेचा अर्थच उलटा झाला असता. तेव्हा 'साडी दिसली की भूमिका आमची' हा नियम टिकत नाही. गंमत म्हणजे 'नटरंग', 'बालगंधर्व' आणि 'ताली' या तिन्ही कलाकृती रवी जाधव या एकाच दिग्दर्शकाच्या आहेत. नाच्या, स्त्रीपार्टी आणि ट्रान्स स्त्री या तीन अवस्थांमधला फरक मांडायला याहून चांगले साहित्य कुठे मिळणार होते? पण वाद झाला तो फक्त पोस्टरवरच्या चेहऱ्याचा.

एवढे मान्य केल्यावरही 'योग्य कलाकार मिळतच नाहीत' हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. तो आपण एकदा ऐकलेला आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांना तारामती मिळेना. त्या काळी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे कलावंतिणींनाही कमीपणाचे वाटत होते, आणि शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवावी लागली. फाळके यांची अडचण खरी होती. पण लगेच पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. मधल्या काही महिन्यांत महाराष्ट्रातल्या बायकांना अचानक अभिनय येऊ लागला होता का? आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही पुन्हा साळुंकेच. म्हणजे दार एकदा उघडले आणि नुसते लोटून ठेवले, तर ते परत मिटते. स्त्रीपार्टी नट थोर होते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्यांच्या थोरवीचा दाखला देऊन कित्येक बायकांना रंगमंचापासून लांब ठेवता आले.

म्हणून हा प्रश्न कलेच्या मैदानावरून उचलून कामगारांच्या मैदानावर नेला पाहिजे. तिथे त्याचे उत्तर सोपे आहे, फक्त गैरसोयीचे आहे. मुंबईच्या चित्रपट उद्योगात साठेक वर्षे असा रिवाज होता की रंगभूषाकाराचे संघटनेचे कार्ड फक्त पुरुषाला मिळे आणि बाईने केशभूषाच करायची. दोघांनाही काम मिळावे म्हणून ही वाटणी आहे, असे तिचे समर्थन केले जाई. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर ती प्रथा मोडीत काढली. बाईला रंगभूषा जमते की नाही, यावर तिथे कुणी परिसंवाद भरवला नाही. कार्ड नाकारणे बेकायदा आहे, एवढेच ठरले. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्याच न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नालसाच्या, खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली होती. हे दोन निकाल शेजारी ठेवून चित्रीकरण स्थळाकडे पाहा. ज्युनिअर आर्टिस्टांच्या पुरुषांच्या आणि बायकांच्या संघटना वेगवेगळ्या. तृतीयपंथी कलाकाराने कार्ड कुठले काढायचे? कपडे बदलायचे कुठल्या खोलीत? बँक खात्यावर जुने नाव आणि श्रेयनामावलीत नवे, असे असेल तर मानधनाचा धनादेश कुणाच्या नावे निघणार? भूमिका कुणाला मिळायला हवी होती यावर तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी यातला एक तरी प्रश्न निर्मात्याला विचारला आहे?

'तारा असल्याशिवाय पैसा उभा राहत नाही' हेही खोटे नाही. वितरक आणि ओटीटी मंच नाव बघून पैसे देतात, आणि निर्माता काही धर्मादाय संस्था चालवत नाही. ठीक आहे, मुख्य भूमिका नावाजलेल्या नटीला द्या. पण तिच्यामागे उभ्या असलेल्या वीस-पंचवीस जणींचे काय? गुरू, गुरुबहिणी, चेले, दवाखान्याच्या रांगेतली बाई, पंचायतीतली पंच, यांच्यापैकी एकीच्याही नावावर तिकीट विकले जात नसते. तिथेही मिशी काढलेले पुरुष उभे केले, तर पैशाची सबब पुरत नाही. 'पाताल लोक'मधल्या चिनीच्या भूमिकेत मैरेम्बम रोनाल्डो सिंग ही ट्रान्स कलाकार होती आणि त्या मालिकेचा बाजार बुडाला नाही. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या भागात त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू यांच्या व्यक्तिरेखेला नोकरी आहे, सहकारी आहेत, कामाची कटकट आहे. चिलीमधल्या डॅनिएला वेगा यांना 'अ फँटॅस्टिक वूमन'साठी आधी सल्लागार म्हणून बोलावले होते. चर्चा करता करता दिग्दर्शकाला उमगले की भूमिका हिचीच आहे. त्या चित्रपटाला २०१८ साली सर्वोत्तम परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आपल्याकडे गाडी सल्लागारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. वस्तीतली कुणीतरी चार दिवस नटीला टाळी शिकवते, आणि तिचे नाव शेवटच्या आभाराच्या यादीत, तेही बहुधा आडनावाविना.

टाळीवरून आठवले. वस्तीतल्या टाळीत बोटे फाकलेली असतात आणि एका हाताचा तळवा दुसऱ्यावर आडवा बसतो, म्हणून तिचा आवाज पोकळ आणि लांब जाणारा येतो. बोटे जुळवून वाजवलेली सभागृहातली टाळी तशी घुमत नाही. शिवाय तिला अर्थ असतात: हाक, इशारा, संताप, थट्टा. पडद्यावर ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविरामासारखी वाजते. आवाजाचेही तेच. वयात येताना स्वरतंतू एकदा लांब आणि जाड झाले, की त्यानंतरच्या निर्वाणाने, म्हणजे लिंगछेदाच्या विधीने, किंवा स्त्री-संप्रेरकांच्या गोळ्यांनी ते पुन्हा बारीक होत नाहीत. त्यामुळे विनोदी नट नाकातून जो चिरका आवाज काढतो, तो कुठल्याच देहातून येत नसतो. दाढीची हिरवट झाक फाउंडेशनखाली नारिंगी थर दिला की लपते, हे कुठल्याही रंगभूषाकाराला ठाऊक असते. ती दिसते तेव्हा मुद्दाम ठेवलेली असते, हशा यावा म्हणून. वस्तीतली बाई मात्र सकाळी अर्धा तास चिमटा घेऊन तीच झाक घालवत बसलेली असते.

मराठी लेखकापुढे तर आणखी एक पेच आहे. आपल्या क्रियापदाला लपायला जागा नाही. 'मी जाते' की 'मी जातो', हे पहिल्याच संवादात ठरवावे लागते. (कोल्हापूरकडच्या बाया 'मी आलो' म्हणतात ती गोष्ट वेगळी.) आणि लेखक काय करतो? शांत असताना 'जाते' आणि राग आला की 'थांब, बघतो तुला'. जणू संताप आला की खरा पुरुष बाहेर येतो. एका प्रत्ययात लेखक आपले मत सांगून मोकळा होतो, आणि मग भूमिकेत कुणीही असो, तृतीयपंथी नटी असली तरी तिला तेच वाक्य म्हणावे लागते. नटनिवडीने हे दुरुस्त कसे होणार?

पण बारकावे चुकणे हा लहान गुन्हा. मोठा गुन्हा कथेच्या सांगाड्यात आहे, आणि तो चांगल्या हेतूने केलेल्या चित्रपटांतही सापडतो. सांगाडा असा: बंद खोली, आईची साडी, ओठांना लाली, आरसा. दार उघडते, बाप पट्टा काढतो. रात्रीची गाडी, मुंबई, रडणारा मुलगा. आणि मग पडद्यावर अक्षरे उमटतात: दहा वर्षांनंतर. पुढच्या दृश्यात साडीतली, खमकी, टाळी वाजवणारी बाई उभी. जे काही घडले ते त्या दहा वर्षांत घडले! त्या पोराला स्थानकावरून कुणी नेले? पहिल्या रात्री कुठे झोपवले? साडीच्या निऱ्या कुणी शिकवल्या, मंगतीला, म्हणजे पैसे मागायला, जाताना कुठल्या दुकानदाराशी वाद घालायचा नाही हे कुणी सांगितले, ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेले? एका कापाखाली हे सगळे गाडले जाते, आणि वर आपण म्हणतो की चित्रपट ओळखीबद्दल होता. आरशासमोर माणसाला स्वतःची ओळख पटते. ती दुसऱ्या कुणाला पटते ती दुसऱ्याच्या घरात.

त्या घराला रचना आहे. गुरू आणि चेला. गुरूची गुरू ती नानगुरू. चेल्याची चेली ती नातीचेला. एकाच गुरूच्या चेल्या एकमेकींच्या गुरुबहिणी. भेंडीबाजार, लालन, पूना अशी मुंबईतली घराणी आहेत. घराण्यात येताना जमातीसमोर रीत होते. गुरू बदलायची तर जुन्या गुरूला पैसे मोजावे लागतात. बधाईचे, म्हणजे लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेण्याचे, इलाके वाटलेले असतात आणि दुसऱ्याच्या इलाक्यात शिरले की पंच दंड करतात. गुरू गेली की अनेक ठिकाणी चेली पांढरे नेसते. वारसा, सासर-माहेर, भाऊबंदकी, सुतक, कौटुंबिक नाट्याला लागणारे सगळे सामान इथे हाताशी आहे, आणि हिंदी-मराठी सिनेमा तर कौटुंबिक नाट्यावरच जगत आला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो समाजातूनच येतो: घराण्याचे गोडवे गाऊ नका. गुरू कमाईतला वाटा घेते, दंड डोईजड होतात, सोडून जाणे महाग पडते. आणि आज कित्येक ट्रान्स स्त्रिया घराण्याबाहेर, नोकरी करून, आईवडिलांसोबत राहतात. ट्रान्स पुरुषांना तर घराणेच नाही, आणि पडद्यावरही ते जवळजवळ नाहीतच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण सासूचा छळ दाखवला म्हणून एकत्र कुटुंब हे कुटुंब नव्हे, असे आपण कधी म्हटले का? शोषण दाखवायचे तरी आधी नाते आहे हे मान्य करावे लागते. 'सडक'मधली महाराणी क्रूर आहे, आणि सदाशिव अमरापूरकर यांनी ती अशी उभी केली की खलभूमिकेसाठीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. त्या अभिनयाला हात जोडावेत. पण महाराणी कुणाची? तिची गुरू कोण, ती कुठल्या रस्त्याने तिथवर आली? ज्याला मागेपुढे कोणी नाही त्याला राक्षस करणे लेखकाला फार सोपे जाते. याउलट 'तमन्ना'त परेश रावल यांचा टिक्कू एक टाकून दिलेली मुलगी वाढवतो. ती मोठी होते, सत्य कळल्यावर त्याला झिडकारते, मग परत जवळ करते. नट तृतीयपंथी नाही, चित्रपटात भडकपणा आहे, तरी तो मनात राहतो, कारण त्याचा प्रश्न 'कोणाची' हा आहे. तसेच २०१७ सालच्या विक्सच्या एका जाहिरातीत गौरी सावंत स्वतःच्याच भूमिकेत, दत्तक मुलीची आई म्हणून दिसल्या. काही मिनिटांच्या त्या जाहिरातीत आरसा नाही, पट्टा नाही. 

हे नाते किती महत्त्वाचे आहे हे आपल्या लेखकांआधी इंग्रज सरकारला कळले होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपण भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात ओळखतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता आणि तो मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत राबवला गेला. नोंदवहीत नाव आलेली व्यक्ती रस्त्यावर बाईच्या वेषात किंवा दागिन्यांत दिसली, नाचली-गायली, तर वॉरंटविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. इथपर्यंत तो कायदा आपल्या सिनेमासारखाच आहे: वेष बघतो. पण त्यातली पुढची कलमे खोल जातात. अशा व्यक्तीला १६ वर्षांखालचा मुलगा घरात ठेवता येणार नाही, कुणाचे पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, मुलगा दत्तक घेता येणार नाही. माणसे संपवायची तर साडी फेडून भागत नाही, वारसा तोडावा लागतो, हे ज्याने ती कलमे लिहिली त्याला नेमके ठाऊक होते. स्वतंत्र भारताने २०१९ साली तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला, त्यात कुटुंबाची व्याख्या रक्ताने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकाने जोडलेली माणसे अशी केली. गुरू आणि चेला त्या व्याख्येत बसत नाहीत. दीडशे वर्षांत हेतू बदलला, भाषा बदलली. त्या घराकडे पाहताना जागा मात्र रिकामीच दिसली.

आणि हे घर कागदावर आपणहून उमटते तेव्हा काय होते, याचे उदाहरण खानदेशातच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील यांनी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो तृतीयपंथी म्हणून फेटाळला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारायला लावला, यापुढे सोयीसाठी पुरुष म्हणवून घेणार नाही या अटीवर (ही अट आणखी कुठल्या उमेदवाराला कधी घातली गेली असेल?). त्या निवडून आल्या. खटल्याच्या कागदांवर त्यांचे नाव आहे: अंजली गुरू संजना जान. मराठी माणसाच्या नावात मधली जागा बापाची किंवा नवऱ्याची असते. इथे त्या जागेवर गुरूचे नाव आहे, आणि ते उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात छापलेले आहे. अर्ज छाननीचे टेबल, समोर अधिकारी, मागे गावातली माणसे, अर्जावर तो मधला रकाना. अधिकारी चष्मा वर करून विचारतो, 'हे कोणाचे नाव?' अजून कुठल्या पटकथेत हे दृश्य माझ्या पाहण्यात आलेले नाही.